थ्रेड वाढवले की प्रोग्रॅम उलटा हळू होतोय, मॅलॉक बदलावा का?

रातकिडा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज खरंच अडलोय म्हणून धागा काढतोय. सी++ मधला प्रोग्रॅम आहे आणि काम तसं साधं. एक थ्रेड मोठमोठ्या लॉग फाइल वाचतो, प्रत्येक ओळीचा एक रेकॉर्ड बनवतो (आत चार-पाच स्ट्रिंग आणि एक व्हेक्टर) आणि रांगेत टाकतो. वर्कर थ्रेड ते उचलतात, पार्स करतात, आकडे मोजतात आणि रेकॉर्ड डिलीट करतात. मशीन २४ कोअरचं आहे. ४ वर्करपर्यंत वेग मस्त वाढतो, ८ ला जेमतेम वाढतो आणि १६ केले की ८ पेक्षाही हळू!! आधी वाटलं रांगेचं लॉक नडत असेल, म्हणून लॉक-फ्री रांग लिहिली, त्यात दोन रात्री गेल्या आणि फरक काडीचाही पडला नाही.

एक मित्र म्हणाला जेमॅलॉक लाव, म्हणजे मेमरी देणाऱ्या नेहमीच्या मॅलॉकच्या जागी दुसरं, एका ओळीचं काम आहे. लावेन, पण ती ओळ आत नेमकं काय बदलते ते कळल्याशिवाय मला लावायचं नाहीये, कारण उद्या दुसरीकडे हेच झालं तर पुन्हा अंदाजानेच काहीतरी चिकटवत बसेन. कोणी नीट समजावेल का?

सांजवेळ:
पर्फ (वेळ कुठे जातो ते दाखवणारं लिनक्सचं साधन) लावलं का? कॉल ग्राफसकट रेकॉर्ड करा, १६ वर्करवर, आणि वरच्या पाच-सहा ओळी इथे टाका. त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

रातकिडा:
लावलं. सगळ्यात वर लॉकसाठी थांबणं, त्याखाली इंट_फ्री (मेमरी सोडणं), मग इंट_मॅलॉक (मेमरी घेणं), मग कर्नलमधली फ्युटेक्सची, म्हणजे लॉकसाठी झोपवणारी-उठवणारी मंडळी. माझं पार्सिंग पार खाली, शोधावं लागलं. गंमत म्हणजे वर्करच्या कॉल ग्राफमध्ये मॅलॉक फारसं नाहीच, सगळं फ्री. आणि अरीनाची (मॅलॉकच्या ढिगाच्या वाट्यांची) कमाल संख्या वाढवूनही बघितली, काही झालं नाही.

कातळ:
रातकिडा, तुमच्या पर्फमध्येच उत्तर आहे, जरा सविस्तर लिहितो.

जीलिबसीचं (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं) मॅलॉक म्हणजे मुळात डग ली यांचं डीएलमॅलॉक, १९८७ पासूनचं. त्यावर वोल्फ्राम ग्लोगर यांनी थ्रेडसाठी काम करून पीटीमॅलॉक बनवलं आणि ते पुढे जीलिबसीत आलं. सगळ्यांनी एकाच ढिगातून घ्यायचं तर एकच लॉक लागतं, म्हणून ढिगाचे वाटे केले, ते अरीना. ६४-बिटवर कोअरच्या ८ पट अरीना होऊ शकतात, म्हणजे तुमच्याकडे १९२. नंतर २०१७ मध्ये २.२६ आवृत्तीत टीकॅश आला. हा प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा खिसा, १०३२ बाइटपर्यंतच्या तुकड्यांसाठी, आला तेव्हा दर साइझला ७ तुकडे मावायचे आणि त्यातून घ्यायला-ठेवायला लॉक अजिबात लागत नाही. साधारण प्रोग्रॅम, जिथे ज्या थ्रेडने घेतलं तोच सोडतो, तिथे हे झकास चालतं.

आता तुमचं बघा. रेकॉर्डची मेमरी घेतं कोण? फक्त वाचणारा थ्रेड. सोडतं कोण? वर्कर. आणि नियम असा की तुकडा ज्या अरीनातून आला त्याच अरीनात परत जाणार, सोडणारा कोणीही असो. वर्कर पहिले ७ तुकडे स्वतःच्या खिशात टाकतो, पण तो घेतो त्यापेक्षा सोडतो कितीतरी जास्त, त्यामुळे खिसा एकदा भरला की भरलेलाच राहतो. तिथून पुढचा प्रत्येक तुकडा थेट वाचणाऱ्याच्या अरीनात, आणि १२८ बाइटहून मोठा असेल तर त्या अरीनाचं लॉक घेऊनच. दुसरीकडे वाचणाऱ्याचा खिसा सारखा रिकामा होतो, कारण त्याच्याकडे कोणी काही परत आणून देत नाही, म्हणून तोही पुन्हा पुन्हा त्याच लॉकपाशी येतो. थोडक्यात १९२ दारं असताना १७ जण एकाच दारात उभे आहेत. म्हणूनच अरीना वाढवून काही झालं नाही. टीकॅशमधली ७ ही संख्या वाढवली तरी हेच, ७ चे ७० केलेत तर सत्तराव्या तुकड्यानंतर पुन्हा तेच दार.

आता बाकीचे अॅलोकेटर इथे काय वेगळं करतात. टीसीमॅलॉक आणि जेमॅलॉक दोघांकडेही थ्रेडचा खिसा आहे, पण तो भरला की एकेक तुकडा नाही, गठ्ठाच्या गठ्ठा परत जातो, म्हणजे लॉक गठ्ठ्यामागे एकदा. मिमॅलॉकची युक्ती मला सगळ्यात आवडते. डान लायन आणि मंडळींनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये कोका आणि लीन या भाषांसाठी ते लिहिलं, २०१९ ला बाहेर आलं. त्यात मोकळ्या तुकड्यांची यादी पूर्ण ढिगाची नसतेच, छोट्या तुकड्यांसाठी ६४ केबीच्या प्रत्येक पेजची वेगळी असते, आणि दुसऱ्या थ्रेडने सोडलेल्या तुकड्यांसाठी त्याच पेजवर आणखी एक वेगळी यादी. वर्कर एका अॅटॉमिक ऑपरेशनने तुकडा त्या यादीत टाकतो आणि निघतो. मालक थ्रेडला गरज पडली की तो ती अख्खी यादी एका झटक्यात उचलतो. पेजेस हजारो असतात, त्यामुळे दोन वर्कर एकाच क्षणी एकाच यादीवर येण्याची वेळ क्वचित. स्नमॅलॉक तर याच प्रकारच्या कामासाठी लिहिलंय, तिथे सोडलेले तुकडे निरोपासारखे मालकाकडे परत पाठवले जातात.

तेव्हा मित्र म्हणाला ते बरोबर आहे, लावा आणि मोजा. फक्त मोजताना वेगासोबत मेमरीही मोजा.

रातकिडा:
कातळदादा, मनापासून आभार. "सोडतं कोण" हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता, मी आपला कोण किती घेतं तेच मोजत बसलो होतो. आज रात्री जेमॅलॉक आणि मिमॅलॉक दोन्ही एलडी_प्रीलोडने (प्रोग्रॅम न बदलता सुरू होतानाच दुसरी लायब्ररी पुढे घालणारं व्हेरिएबल) लावून बघतो.

तांबट:
एक सावधगिरीची गोष्ट. प्रीलोड लागलंय असं गृहीत धरू नका, खात्री करा. चालू प्रोसेसची मॅप्स फाइल उघडून लायब्ररीचं नाव दिसतंय का बघा, किंवा मिमॅलॉकला व्हर्बोज पर्याय द्या, ते सुरू होतानाच सांगतं. स्टॅटिक लिंक केलेल्या (लायब्ररी पोटातच भरलेल्या) प्रोग्रॅमवर प्रीलोड गुपचूप काहीच करत नाही, एररसुद्धा येत नाही.

मी रस्टमध्ये लिहिते आणि नेमकी इथेच फसले होते. मसलवर (जीलिबसीऐवजी वापरायची छोटी सी लायब्ररी) पूर्ण स्टॅटिक बायनरी करायचे, एक फाइल कॉपी केली की काम झालं म्हणून. मसलचा भर छोट्या आकारावर आणि मजबुतीवर आहे, अनेक थ्रेड एकदम मॅलॉकवर आले की त्याचं एकच लॉक आडवं येतं. २०२० मध्ये १.२.१ मध्ये नवीन मॅलॉक आलं, ते सुरक्षेच्या दृष्टीने खूप चांगलं आहे पण थ्रेडच्या बाबतीत अपेक्षा ठेवू नका. मी आठवडाभर प्रीलोड लावून "काहीच फरक नाही" अशी नोंद करत होते आणि अॅलोकेटर बदललेलाच नव्हता! रस्टमध्ये त्याला सरळ रस्ता आहे, ग्लोबल अॅलोकेटरचं अॅट्रिब्यूट, १.२८ पासून म्हणजे ऑगस्ट २०१८ पासून स्टेबल. अॅलोकेटरचं क्रेट (रस्टचं पॅकेज) घाला, दोन ओळी लिहा, बायनरीतच बसतो. जुन्या लोकांना आठवत असेल, आधी रस्टच्या बायनरीत जेमॅलॉक आपोआप यायचं, जानेवारी २०१९ च्या १.३२ पासून ते काढून सिस्टिमचं मॅलॉक ठेवलं. त्यामुळे "रस्टमध्ये जेमॅलॉक असतंच" असं जुन्या लेखात वाचलं असेल तर ते आता खरं नाही.

आणि एआरएमवर जाणार असाल तर जेमॅलॉक बनवतानाच पेज साइझ ठरते हे लक्षात ठेवा. माझी बायनरी ४ केबी पेज धरून बनलेली, समोरच्या कर्नलची पेजेस ६४ केबीची. सुरू होताच "अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइझ" म्हणून मेली. मोठ्या पेजसाठी बनवलेली बायनरी छोट्या पेजवर चालते, उलट नाही, म्हणून शंका असेल तर मोठी धरूनच बनवा.

पायवाट:
मी फोरट्रानवाला, त्यामुळे माझं दुखणं वेगळं आहे, पण धाग्यात बसेल असं वाटतं. जीफोरट्रानमध्ये अॅलोकेट लिहिलं की खाली मॅलॉकच जातं, म्हणून प्रीलोड आम्हालाही लागू पडतं, एक अक्षर न बदलता. पण आमच्याकडे छोटे तुकडे नसतात, मोठे अॅरे असतात, ओपनएमपीच्या (फेऱ्या थ्रेडमध्ये वाटणाऱ्या) लूपमध्ये सबरूटीन आणि त्यात दर वेळी तात्पुरता अॅरे घ्यायचा, सोडायचा.

इथे अरीनाच्या लॉकपेक्षा एमएमॅप (कर्नलकडून थेट मेमरी मागणं) नडतो. जीलिबसी १२८ केबीच्या वरची मागणी थेट कर्नलकडून भागवतं आणि सोडली की थेट कर्नलला परत. हा उंबरठा हलता आहे, असा तुकडा एकदा सोडला की उंबरठा त्या साइझपर्यंत वर चढतो, पण ६४-बिटवर ३२ एमबीच्या वर चढत नाही. आता गणित करा. २००० बाय २००० चा डबल प्रिसिजन अॅरे ३ कोटी २० लाख बाइट, म्हणजे मर्यादेच्या आत, पहिल्या खेपेनंतर तो ढिगातूनच मिळतो. २१०० बाय २१०० केला की ३ कोटी ५२ लाख ८० हजार बाइट, मर्यादेच्या बाहेर, आता दर खेपेला नवीन मॅप, आणि ४ केबीच्या पेजने साडेआठ हजारांहून जास्त पेज फॉल्ट (पेजला पहिल्यांदा हात लागला की कर्नलला ते जोडून द्यावं लागणं), प्रत्येक पेज कर्नल आधी शून्याने भरणार, आणि हे सगळं करताना प्रोसेसच्या मेमरी नकाशाचं लॉक सगळ्या थ्रेडमध्ये सामायिक. ग्रिड किंचित मोठं केलं आणि वेळ मात्र भलताच वाढला, मी गणिताचं रूटीन तपासत बसलो होतो, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

अॅरे लूपच्या बाहेर काढून प्रत्येक थ्रेडला एकदाच दिला, ते खरं औषध. ज्या कोडला हात लावता येत नाही तिथे एमएमॅपची कमाल संख्या शून्य करून आणि ट्रिमचा उंबरठा खूप वर नेऊन काम भागतं, दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने होतं. त्यांच्या नावाच्या शेवटी एक अंडरस्कोर आहे, तो विसरलात तर सेटिंग लागतच नाही आणि कोणी सांगतही नाही. टीबीबीचा (इंटेलच्या थ्रेडिंग लायब्ररीचा) स्केलेबल अॅलोकेटरही त्याच्या प्रॉक्सी लायब्ररीने प्रीलोड करून बघा, इंटेलचे कंपायलर वापरणाऱ्यांकडे तो बहुतेक आधीच पडलेला असतो.

ओंजळ:
मला मेमरीबद्दल बोलायचंय कारण सगळे वेगावर बोलतायत आणि रात्री दोनला फोन मेमरीसाठी येतो.

पहिलं म्हणजे, टॉपमध्ये व्हर्च्युअलचा आकडा बघून घाबरू नका. जीलिबसीचा प्रत्येक जादा अरीना ६४ एमबीची जागा नुसती राखून ठेवतो, १९२ अरीना झाले तर १२ जीबी होतात, पण ती प्रत्यक्ष वापरलेली मेमरी नाही. रेसिडेंटचा आकडा बघा. तो खरंच वाढत असेल आणि लीक नसेल तर अरीनाची कमाल संख्या २ किंवा ४ वर आणून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच खाली येतो, बदल्यात लॉकवर गर्दी थोडी वाढते.

दुसरं जेमॅलॉकबद्दल. मोकळी झालेली पेजेस ते लगेच कर्नलला देत नाही, हळूहळू सोडतं, डीफॉल्ट मुदत १० सेकंद. पण हे सोडण्याचं काम थ्रेड मॅलॉक-फ्री करत असतानाच मध्येमध्ये होतं. प्रोग्रॅम काम संपवून गप्प बसला तर सोडणार कोण? आमची सर्व्हिस दुपारच्या गर्दीनंतर शांत व्हायची आणि मेमरी मात्र रात्रभर तशीच वर. लीक आहे असं समजून तीन दिवस शोधलं. बॅकग्राउंड थ्रेडचा पर्याय चालू केला आणि आलेख खाली आला. ज्यांना जेमॅलॉक लावायचंय त्यांनी हा पर्याय पहिल्या दिवशीच विचारात घ्यावा असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि लीक खरंच असेल तर जेमॅलॉकचं हीप प्रोफायलिंग फार कामाचं आहे, नमुने घेत जातं त्यामुळे चालू सिस्टिमवरही झेपतं, फक्त लायब्ररी प्रोफायलिंगसकट बनवलेली हवी.

सांजवेळ:
सगळं बरोबर आहे पण मी थोडी वेगळ्या बाजूने बोलते. रातकिडा, दर ओळीला पाच-सहा मॅलॉक आणि तेवढेच फ्री, तेही थ्रेड ओलांडून, हे मुळात का होतंय? अॅलोकेटर कितीही चांगला असो, न केलेल्या मॅलॉकपेक्षा वेगवान मॅलॉक कुठलंच नाही.

असं करून बघा. वाचणाऱ्याने ओळ न् ओळ पाठवू नये, १ एमबीचा कच्चा बफर वाचावा, शेवटची अर्धी ओळ पुढच्या बफरला जोडावी आणि अख्खा बफर वर्करला द्यावा. वर्करने ओळी तोडाव्यात, स्ट्रिंगऐवजी स्ट्रिंग_व्ह्यू ठेवावेत, ते बफरमध्येच बोट दाखवतील, कॉपी नाही. व्हेक्टर लागलाच तर सी++१७ चं पीएमआर (कंटेनरने मेमरी कुठून घ्यायची ते आपण ठरवायची सोय) आहे, मोनोटॉनिक बफर रिसोर्स घ्या, एका बफरचं काम संपलं की सगळं एकदम सोडून द्या. तो थ्रेडसेफ नाही, पण इथे लागतच नाही, एका वेळी एकाच वर्करच्या हातात आहे. आणि वापरून झालेला १ एमबीचा बफर डिलीट न करता दुसऱ्या रांगेतून वाचणाऱ्याकडे परत पाठवा. मग थ्रेड ओलांडून फ्री हा प्रकारच संपला.

कातळ:
सांजवेळ, पूर्ण सहमत, फक्त एवढंच की हे प्रत्येकाला जमेल असं नाही. रातकिडांचा कोड स्वतःचा आहे. ज्यांच्याकडे दहा वर्षांचा जुना कोड आहे, आत चार बाहेरच्या लायब्ऱ्या आहेत, त्यांना अॅलोकेटर बदलणं हाच प्रामाणिक उपाय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. फायरफॉक्सने २००८ मध्ये ३ आवृत्तीत जेमॅलॉक घेतलं ते अशाच जुन्या, प्रचंड कोडवर.

हां, बदलताना एक पथ्य. एखादी लायब्ररी स्वतःचं मॅलॉक पोटात घेऊन स्टॅटिक लिंक झाली असेल तर एकाचा पॉइंटर दुसऱ्याच्या फ्रीमध्ये जाऊ शकतो, आणि असला क्रॅश चुकीच्या जागीच दिसतो. आणि मेमरीच्या चुका पकडणारा अॅड्रेस सॅनिटायझर लावून तपासत असाल तेव्हा प्रीलोड काढून ठेवा, तोही मॅलॉकच बदलतो.

रातकिडा:
करून आलो. आधी प्रीलोड, मॅप्समध्ये नाव बघून खात्री केली (तांबटताई, धन्यवाद, पहिल्यांदा माझा पाथच चुकला होता आणि कुरकुर एका ओळीची होती, ती लॉगमध्ये वाहून गेली होती). जेमॅलॉक आणि मिमॅलॉक दोघांनीही लॉकचं थांबणं पर्फच्या वरच्या पानावरून घालवलं. १६ वर्कर ८ पेक्षा पुढे गेले, पहिल्यांदाच. माझ्या कामाला मिमॅलॉक किंचित सरस, मेमरी जेमॅलॉकची थोडी कमी.

मग दोन दिवस लावून सांजवेळताईंनी सांगितलेली बफरची रचना केली. आता मॅलॉक पर्फमध्ये दिसतच नाही, आणि प्रीलोड काढलं काय नि ठेवलं काय, वेळ तोच. म्हणून काढून टाकलं, एक गोष्ट कमी सांभाळायची. पण एक कोडं राहिलंय. १६ ला अजूनही अपेक्षेइतका वेग नाही आणि पर्फ एका साध्या ओळीवर बोट ठेवतोय जिथे मी फक्त मोजणी एकने वाढवतो. लॉक नाही, अॅटॉमिक नाही, प्रत्येक वर्करचा मोजणीचा ऑब्जेक्ट वेगळा आहे, तीन आकडे त्यात, मेन थ्रेडने सुरुवातीला लूपमध्ये न्यू करून दिलेला.

कातळ:
सापडलं. तीन आकडे म्हणजे २४ बाइट. जीलिबसी त्याला ८ बाइटच्या हेडरसकट ३२ बाइटचा तुकडा देतं, आणि मेनने लागोपाठ घेतल्यामुळे ते बहुधा शेजारी शेजारीच बसलेत. कॅश लाइन (प्रोसेसर मेमरीचा जेवढा पट्टा एका वेळी हलवतो तो) ६४ बाइटची, म्हणजे दोन-दोन वर्करचे आकडे एकेका लाइनवर. दोघं वेगवेगळ्या जागी लिहितात, पण हार्डवेअरला लाइन एकच दिसते, ती या कोअरकडून त्या कोअरकडे सारखी ओढली जाते. हेच फॉल्स शेअरिंग. २००० च्या होर्ड अॅलोकेटरच्या पेपरमध्ये एमरी बर्गर आणि सहकाऱ्यांनी यावर मुद्दाम लिहिलंय, दोन थ्रेडना एकाच लाइनचे तुकडे देणं ही अॅलोकेटरची चूक म्हणून. पण इथे सगळे तुकडे मेन या एकाच थ्रेडने मागितले, त्यामुळे कुठल्याही अॅलोकेटरला कळणार नाही की ते पुढे वेगवेगळ्या हातात जाणार आहेत. ते तुम्हालाच सांगावं लागेल. स्ट्रक्टला अलाइनअॅज ६४ लावा, सी++१७ मध्ये न्यू ते पाळतं. किंवा प्रत्येक वर्करने आकडे स्वतःच्या स्टॅकवर मोजावेत आणि शेवटी एकदाच बेरीज करावी.

रातकिडा:
दुसरा उपाय केला, तो जास्त पटला. ती ओळ पर्फमधून गेली, १६ वर्कर आता खरंच सोळांसारखे धावतायत आणि रांग रिकामी पडतेय. वाचणारा थ्रेड एकटाच १०० टक्क्यांवर आहे, उद्या त्याच्याकडे बघतो.